पूर्वेकडची घरं कुठेही गेली नव्हती

मनोऱ्यावरून, प्लम क्रीक
रविवार, २ ऑगस्ट १९९८

प्रिय आत्या,

जूनच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, की ओढ्याच्या पूर्वेकडची पिस्पिझांची, म्हणजे विद्यापीठात ज्या बिळातल्या खारींना प्रेअरी डॉग म्हणतात त्यांची, घरंच्या घरं बॅजरने खाऊन संपवली आणि त्यांच्या रिकाम्या बिळांत कुंपणापलीकडून नवे पिस्पिझा येऊन राहिले. हे चूक आहे. बॅजरने काही पिस्पिझा खाल्ले, पण घर एकही संपवलं नाही. पलीकडून कोणी आलं नाही. जे माझ्या डोळ्यांसमोर होते, ते सगळे इथलेच होते.

चूक कशी झाली ते सांगते, कारण नुसतं "चुकले" म्हटलेलं तुला चालत नाही.

मार्चमध्ये आम्ही एकेक पिस्पिझा पिंजऱ्यात धरला, कानात पत्र्याचा बारीक बिल्ला लावला आणि अंगावर काळ्या रंगाची खूण केली. बिल्ला मनोऱ्यावरून दिसत नाही, म्हणून खूण लागते. दोन्ही बाजू लांबून ओळखू याव्यात म्हणून मी पूर्वेकडच्यांना डोक्यावर आणि खांद्यावर रंगवलं, पश्चिमेकडच्यांना पाठीच्या मागच्या टोकाला. मला तेव्हा ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. पुढे हिवाळ्याचे केस गळून उन्हाळ्याचे आले. केस गळतात हे मला माहीत होतं. ते डोक्याकडून गळायला लागतात आणि मागचं टोक सर्वांत शेवटी राहतं, हे मी ध्यानात घेतलं नाही. पूर्वेकडचे सगळे आधी कोरे झाले. पश्चिमेकडच्यांच्या खुणा जशाच्या तशा होत्या, म्हणून पूर्वेकडे खुणा नाहीत तर ते प्राणीही नाहीत असं मी धरून चालले. खरं तर त्या दिवसांत सगळ्यांना नव्याने रंगवायचं असतं. विद्यापीठाकडून रंगाचा डबा आला नव्हता. मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी तुला पत्र लिहून टाकलं.

बॅजरवर संशय यायला कारण होतं. तो पूर्वेकडे बीळ खणत होता आणि बिळाच्या दुसऱ्या तोंडाशी कोल्ह्यासारखी एक कोयोटी अशी बसली होती, जशी तू चुलीजवळ बसायचीस, भाकरी कधी फुगते ते बघत. बॅजरने माती उडवायची, पिस्पिझा घाबरून दुसरीकडून निघाला की कोयोटीने धरायचा. कधी कोयोटीच्या भीतीने तो परत आत शिरायचा आणि बॅजरच्या तोंडी जायचा. मी हे इतक्या मन लावून पाहिलं, की त्यानंतर पूर्वेकडे जे काही दिसेनासं झालं ते सगळं मी त्या दोघांच्या नावावर मांडलं.

गेल्या आठवड्यात डबा आला. "नवे" पिस्पिझा पिंजऱ्यात धरले, तर प्रत्येकाच्या कानात आमचाच बिल्ला. एका मादीला मी मार्चमध्ये टोपीवाली म्हणत होते, कारण तिचं डोकं पूर्ण काळं केलं होतं. ती आता भुऱ्या डोक्याने पिशवीतून बाहेर आली आणि मार्चमध्ये चावली होती त्याच अंगठ्याला चावली. एवढ्यावरूनही ओळख पटली असती.

आत्या, जूनचं ते पत्र मला परत पाठव, किंवा त्यावर चूक म्हणून लिहून ठेव. ते तसंच कुठे पडून आहे या विचाराने मला जेवण गोड लागत नाही.

तुझी,
डेल्फीन

*

रॅपिड सिटी
रविवार, ९ ऑगस्ट

लाडके डेल्फीन,

जेवण गोड लागत नसेल तर मीठ घाल. तू सात वर्षांची होतीस तेव्हा नकाशात मिसूरी नदी उलटी वाहवली होतीस आणि दोन दिवस रडत होतीस. तेव्हा मी काय सांगितलं होतं? चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि वर बरोबर ते लिहायचं. माझ्या स्वयंपाकघरात खोडरबर नव्हतं ते उगाच नाही. तू रेघ मारलीस, वर लिहिलंस. झालं.

कोयोटी माझ्यासारखी बसली होती म्हणे! बस, आता म्हातारपणी हेच ऐकायचं राहिलं होतं.

पत्राची काळजी करू नकोस. ते चांगल्या हातात आहे.

माझा नवा गुडघा जुन्यापेक्षा आळशी निघाला. डॉक्टर म्हणतो चाला, गुडघा म्हणतो बसा, मी गुडघ्याचं ऐकते. इकडे येशील तेव्हा तिंप्सिलाच्या सुकवलेल्या कंदांची एक वेणी आण. दुकानातले सलगम म्हणजे नुसतं पाणी. आणि अंगठ्याला औषध लाव, पिस्पिझाच्या पिसवा चांगल्या नसतात.

क्लिफर्ड काका असला तरी तुझा बापच, त्याच्याकडे जाऊन येत जा अधूनमधून. पाऊस नाही म्हणून तो चिडचिडा झालाय, पण तुझ्यावर त्याचा जीव आहे.

आत्या

*

मनोऱ्यावरून
गुरुवार, २० ऑगस्ट

प्रिय आत्या,

चांगले हात म्हणजे कोणाचे?

मंगळवारी सकाळी मनोऱ्यावर चढले तर पूर्वेकडे आवाजच नव्हता. रोज उन्हं आली की एक पिस्पिझा मागच्या पायांवर उभा राहून, अंग मागे झोकून ओरडतो, मग शेजारचा, मग सगळी वस्ती. गरुड आला की वेगळं ओरडतात आणि मग गप्प होतात. मी आभाळ बघितलं. गरुड नव्हता, ससाणाही नव्हता. दुर्बिणीतून पाहिलं तर सगळे बिळांच्या तोंडाशी बसून दोन्ही हातांनी काही तरी खात होते. पंगतीला बसल्यासारखे. ओरडायला कोणाला फुरसतच नव्हती.

खाली जाऊन पाहिलं. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मूठभर ओट पसरलेले.

कुरणांची कामं बघणारा ऑर्व्हल कुंपणाशी गाडीला टेकून सिगारेट ओढत होता. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"चव लावतोय," तो म्हणाला. "आधी साधे ओट घालायचे, म्हणजे त्यांना विश्वास बसतो. विषाचे नंतर."

"कोणी सांगितलं?"

"गावच्या सभेने." मग माझ्याकडे बघून हसला. "म्हणजे तूच की! तुझं वाचलं ना क्लिफर्डने सभेत. कुंपणापलीकडून लोंढा येतोय, रिकामी झालेली बिळंसुद्धा भरतायत, म्हणून. एवढं शिकलेलं माणूस सांगतंय म्हटल्यावर लोकांनी हात वर केले. पक्कं व्हायचं ते सप्टेंबरच्या सभेत. मी म्हटलं, आपलं काम आधी सुरू करावं."

"मी असं लिहिलं नव्हतं," मी म्हणाले. आणि मग मला जाणवलं, की मी अगदी असंच लिहिलं होतं.

"मग काय लिहिलं होतंस?"

"चूक लिहिलं होतं."

"ते आता त्यांना सांग," ऑर्व्हल म्हणाला आणि बिळांकडे बोट दाखवलं. तो वाईट माणूस नाही. परत जाताना मला अर्धं सँडविच देऊन गेला.

संध्याकाळी मी पूर्वेच्या कुंपणाने चालत गेले. ओढ्याच्या वळणावर बॅजर सापळ्यात पडला होता. पुढचा पाय अडकलेला, भोवतालची माती त्याने गोल खणून काढलेली, बीळ करून पळायचं असल्यासारखी. मेल्याला दोनतीन दिवस झाले असावेत. सापळ्याच्या साखळीवर आपल्या घरचं चिन्ह आहे, ते तूच मला अक्षरांच्याही आधी शिकवलंस. क्लिफर्डबाबांनी तो माझ्यासाठी लावला असणार. मी लिहिलं होतं ना, बॅजरने माझी घरं संपवली.

मी त्याला तिथेच पुरलं. त्याच्याच बिळात, दुसरी जागा सुचली नाही. कोयोटी लांब टेकाडावर बसून बघत होती. ती आता एकटी शिकार कशी करते ते मला मांडून ठेवावं लागेल.

क्लिफर्डबाबांकडे दोनदा जाऊन आले. गवत कापायला बाहेर आहेत असं काकू सांगतात. आत्या, पत्र तू त्यांना दिलंस का? खरं सांग.

डेल्फीन

*

घरून
मंगळवार, २५ ऑगस्ट

पोरी,

मी चार ओळींपेक्षा जास्त कधी लिहीत नाही, पण तू दोनदा येऊन गेलीस म्हणे, आणि तुझ्या आत्याने फोनवर माझं डोकं खाल्लं, म्हणून बसलोय.

तुझा बाप गेला तेव्हापासून तू माझी मुलगी. आपल्यात भावाची मुलगी वेगळी धरत नाहीत. घरातलं लहान माणूस सभेत बोलत नाही, त्याचं म्हणणं घरातला मोठा बोलतो. मी तेच केलं. तुझं पत्र उभं राहून वाचलं, सगळं, तुझ्या त्या कोयोटीसकट. लोक हसले, लोकांनी कान दिले. लिओना म्हातारी म्हणाली, पोरगी डोळ्याने बघून लिहिते. मला किती बरं वाटलं ते तुला कळायचं नाही.

आता तू म्हणतेस, चूक आहे. तू शब्द दिलास, मी तोंड दिलं. आता ते तोंड फिरवू? केस गळाले, डोक्याकडून गळाले, हे मी कोणाला सांगू? न्हाव्याला?

आणि खरं बोलायचं तर मला गवत पाहिजे. दोन उन्हाळे पाऊस नाही. पूर्वेच्या कुरणात पिस्पिझा आहेत तिथे गाय तोंड खाली घालते आणि वर काढते. यंदा वासरं वेळेआधी विकावी लागली. नवे असोत की जुने, खातात तेवढंच.

बॅजरचं वाईट वाटलं असेल तर सोड. मी तुझ्यासाठी केलं. घरी ये, तुझ्या काकूने चोकचेरीची फळं शिजवून वोजापी केली आहे, यंदा फळ गोड आहे. सभेचं सोडून बाकी काहीही बोलू.

क्लिफर्ड

*

रॅपिड सिटी
रविवार, ३० ऑगस्ट

डेल्फीन,

हो. मी दिलं.

जुलैत क्लिफर्ड माझी औषधं घेऊन आला होता. तुझं पत्र मी फ्रीजवर लावलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. त्याने कॉफी पिता पिता वाचलं, कोयोटीच्या ठिकाणी मोठ्याने हसला. म्हणाला, हे सभेत वाचलं पाहिजे. मी म्हटलं, ने की. लोकांना कळू दे आपली पोरगी दिवसभर त्या शिडीवर चढून काय करते. तुला त्या गावात वेडी म्हणतात हे मला माहीत आहे. मला ते बंद करायचं होतं.

विषाचं मला नंतर कळलं. तुझं ऑगस्टचं पत्र आलं तेव्हा माहीत होतं. तरी मी तुला "चांगल्या हातात" असं लिहिलं. तुला वर्गात कधी एवढी गोलमाल करू दिली नसती.

आता माझं ऐक. सभेच्या अध्यक्षाला मी ओळखते, त्याला मी पाढे शिकवलेत. मी फोन करते. हळूच सांगते, की पोरीच्या मोजण्यात गडबड झाली, यंदा थांबा. तो तेवढं करेल. क्लिफर्डचं नाव निघणार नाही, तुला उभं राहावं लागणार नाही. क्लिफर्ड तुझा बाप लागतो. चारचौघांत बापाचं म्हणणं खोडणाऱ्या मुलीला गाव पुढे कित्येक वर्षं विसरत नाही. त्या वस्तीत तुला अजून कितीतरी वर्षं काम करायचंय. त्याच कुरणातून, त्यांच्याच फाटकातून जायचंय.

फोन करू का ते कळव. गुडघ्याला कंटाळले, पण जीभ अजून चालते.

आत्या

*

मनोऱ्यावरून
बुधवार, २ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फोन करू नकोस.

तू केलास तर काम होईल, हे मला माहीत आहे. पण काय म्हणून होईल? तू पाढे शिकवलेस म्हणून. ज्यांनी हात वर केले त्यांना अजूनही वाटत राहील, की कुंपणापलीकडून लोंढा आला. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही तर तेच पत्र पुन्हा निघेल. जिथे चूक वाचली गेली, त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर ती दुरुस्त व्हायला हवी. कागदावर रेघ मारता येते. ऐकलेल्यावर मारता येत नाही, त्यावर दुसरं बोलावंच लागतं.

मला भीती वाटते, हे खोटं नाही. मी कधी हॉलमध्ये बोललेले नाही. माझा आवाज बारीक होतो, हे तुला माहीत आहे. काल टेकाडावर जाऊन मोठ्याने म्हणून पाहिलं. पूर्वेकडचे सगळे बिळांत पळाले.

बाबांचंही मी सोडलेलं नाही. त्यांचं एक म्हणणं खरं आहे. नवे असोत की जुने, गवत खातात तेवढंच. पूर्वेकडे गवत खुरटं आहे. ते कुरण किती जनावरांचं पोट भरतं हे मला सांगता येणार नाही आणि मी सांगायला जाणारही नाही. मी एवढंच सांगणार, की वस्ती वाढलेली नाही. मार्चमध्ये होती त्याच हद्दीत आहे, आणि संख्या उलट कमी झाली आहे, कारण बॅजर, कोयोटी आणि ससाणा यांनी आपापलं काम केलं. ससाण्याची तिन्ही पिल्लं यंदा उडाली, ती या वस्तीच्या जिवावर. खरं ऐकूनही सभेने विष घालायचं ठरवलं, तर मी मनोऱ्यावरून तेही बघेन आणि लिहीन. पण माझ्या चुकीवर ते घातलं जाणार नाही.

आणि एक गोष्ट घडते आहे, ती कोणालाही दाखवता येते. हिवाळ्याचे केस यायला लागले आहेत, आणि या वेळी ते उलट, मागच्या टोकाकडून येतात. गेल्या महिन्यात मी सगळ्यांना पुन्हा रंगवलं, तेव्हा पश्चिमेकडच्यांना मुद्दाम पूर्वीच्याच जागी, मागे. आता पश्चिमेकडचे कोरे होऊ लागलेत आणि पूर्वेकडची टोपीवाली अजून टोपी घालून हिंडते आहे. माझ्या जूनच्या हिशेबाने आता पश्चिमेकडची घरं संपायला हवीत. ती समोर बसून ओट खातायत.

तू येऊ शकशील का? बोलू नकोस. फक्त बाकावर बस.

डेल्फीन

*

मनोऱ्यावरून
रविवार, ६ सप्टेंबर

क्लिफर्डबाबा यांस,

तुमचं पत्र पोचलं. वोजापी खाऊन आले तेव्हा तुम्ही सभेचं बोलायचं नाही म्हणालात, म्हणून मी बोलले नाही. काकूंसमोर तुमचा शब्द पाळला. तेव्हा बोलता आलं नाही ते लिहून कळवते आहे, म्हणजे हॉलमध्ये तुम्हाला काही अचानक ऐकावं लागू नये.

तुम्ही माझ्या वतीने उभे राहिलात, त्याचा मला अभिमान आहे. लिओनाआजी काय म्हणाल्या ते मी किती तरी वेळा वाचलं. पण त्या म्हणाल्या, पोरगी डोळ्याने बघून लिहिते. मी डोळ्याने कोरे पिस्पिझा पाहिले आणि "नवे पिस्पिझा" लिहिलं. त्यांचं म्हणणं खरं ठरवायचं तर मला हे बोलावंच लागेल.

चूक तुमची नाही. तुम्ही माझ्या पत्रातला एक शब्दही बदलला नाही. सभेत मी पहिलं वाक्य हेच बोलणार आहे. तोंड तुमचं नाही फिरत, शब्द माझा फिरतो.

त्याआधी माझी एक विनंती आहे. शनिवारी सकाळी मनोऱ्यावर या. शिडीची वरची पायरी सैल आहे, डावीकडे पाय ठेवा. कॉफी मी करेन. पश्चिमेकडचा एक पिस्पिझा पिंजऱ्यात धरून त्याच्या मागच्या टोकाचा रंग कसा नाहीसा होतोय आणि कानात बिल्ला कसा तोच आहे, ते तुम्ही स्वतः पाहा. पिशवी तुम्ही धरा, तुमचे हात मोठे आहेत. चावला तर मला हसू नका, मीही हसणार नाही.

पाहिल्यावर तुम्हाला वाटलं, तर सभेत तुम्हीच बोला. घरातला मोठा बोलतो, तशी रीत आहे, आणि मला त्याहून बरं काही नाही. मी मागे उभी राहीन. नाही वाटलं, किंवा शनिवारी आला नाहीत, तर मी स्वतः बोलेन. तुमच्याकडे पाठ करून नाही, तुमच्याकडे तोंड करून. गवताचं तुमचं म्हणणं मी खोडणार नाही, ते तुम्ही मांडा. लोकांनी दोन्ही ऐकावं आणि मग हात वर करावेत.

सापळा मी धुऊन तुमच्या गोठ्याच्या दाराशी टांगून ठेवला आहे. तो पुन्हा माझ्यासाठी लावू नका.

आत्याने कळवलंय, की ती येते आहे. गुडघा चालेल का विचारलं, तर म्हणाली, गुडघ्याला कोण विचारतंय. ती पुढच्या बाकावर बसेल. तिच्या शेजारची जागा तुमच्यासाठी धरायला मी सांगितलं आहे, तुम्ही काहीही ठरवलंत तरी.

हॉलचं दार उघडताच मी माझं नाव बोलणाऱ्यांत देईन आणि वेळ आली की उभी राहीन. सोमवार, १४ सप्टेंबर १९९८.

तुमची मुलगी,
डेल्फीन